मेकाँगची नाव वैनगंगेत

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरला नदी पावसाळ्यात भेटते. यशोदेला पूर आला की आजूबाजूचे रस्ते बंद होतात, शाळेची पोरे आणि दवाखान्याला निघालेली माणसे अलीकडेच थांबतात. होळी आली की त्याच पात्रात गुरे पाणी शोधत फिरतात. अशा गावात बसून नदीतून चार-सहा दिवसांच्या प्रवासाची गोष्ट काढणे विचित्र वाटेल. पण नागपूर-वर्ध्याकडच्या सहलींच्या जाहिरातींत आता व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस ही नावे सर्रास दिसतात. मेकाँगवरची क्रूझ, काठावरची खेडी, देवळे, पॅगोडे असा तो बेत. दुसरीकडे वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात १०० कोटींहून अधिक खर्चाचा जलपर्यटन प्रकल्प उभा राहतो आहे. त्यामुळे हा विषय आता फक्त परदेशी सहलीचा राहिलेला नाही. आपल्या नद्यांवर काय चालवायचे आणि कुणासाठी, हे ठरण्याची वेळ हीच आहे.

या भागात नदीतून वाहतूक करण्याचा विचार मात्र अगदी नवा नाही. १९व्या शतकाच्या मध्यात इंग्रजांना हिंगणघाटचा कापूस हवा होता. लांब धाग्यासाठी तो देशभर नावाजलेला. बैलगाडीने तो मुंबईला पोचायचा म्हणजे आठवडेच्या आठवडे जायचे. गोदावरीवर धवळेश्वरम्‌चा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन यांनी दुसरी वाट सुचवली: गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्या नौकांसाठी मोकळ्या करायच्या आणि वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस थेट पूर्व किनाऱ्यावर उतरवायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला भद्राचलमच्या वरचा दुम्मागुडेम, दुसरा इंचमपल्ली, तिसरा प्राणहितेतला देवलमरी. तिथे बंधारे, कालवे आणि नौका वर-खाली करणारी दारे बांधायची होती. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ही योजना उचलून धरली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव कडाडला होता, त्यामुळे तिला जोरही आला. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये स्वतंत्र झाला तो याच धामधुमीत.

मग १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पुलगाव आणि वर्धा रुळावर आले. उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीवर पैसा घालण्याला अर्थ उरला नाही आणि १८७१ मध्ये ही योजना गुंडाळण्यात आली. दुम्मागुडेमला तिच्या खुणा अजून दिसतात. तिथे पैसाही होता, इंजिनिअरही होते. कमी पडले ते वर्षभराचे पाणी.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले १११ जलमार्ग जाहीर केले. त्या यादीत पैनगंगा-वर्धा आहे, वैनगंगा-प्राणहिता आहे. कागदावर वर्धा नदी आज राष्ट्रीय जलमार्ग आहे. काठावरच्या माणसाला हे सांगितले तर तो आधी रेतीघाटाच्या लिलावाचे विचारील, कारण नदीतून आज सर्वांत जास्त हलते ती रेती.

मोठ्या क्रूझचे भारतातले उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून ‘गंगा विलास’ निघाली. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर, बांगलादेशातून दिब्रुगढपर्यंत. ६२ मीटर लांब, १२ मीटर रुंद, १८ खोल्या, ३६ प्रवासी. पहिल्या फेरीचे प्रवासी स्वित्झर्लंडचे होते. ही बोट उथळ पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली आहे, तरी तिला सुमारे दीड मीटर खोली लागतेच. आता पुलगावचा किंवा वढ्याचा एप्रिल आठवावा. वर्धेत कित्येक ठिकाणी माणूस चप्पल हातात घेऊन पलीकडे जातो. वैनगंगाही गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या खाली उन्हाळ्यात रेतीच रेती होते. तेव्हा अशी बोट इथे आणण्याची भाषा कुणी करू नये. ती आली तरी धरणाच्या फुगवट्यात घिरट्या घालेल, नदीचा प्रवास करणार नाही.

मेकाँगवरून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, आणि ती महागड्या जहाजावर नाही. लाओसमधल्या, थायलंडच्या सीमेवरच्या हुआय साय गावाहून लुआंग प्राबांगला जाणारी लाकडी नाव दोन दिवस घेते. लांबट, चिंचोळी, वर छप्पर, आत बसायला बाकडी. तिच्यात झोपण्याची सोय नाही. संध्याकाळी ती पाकबेंग नावाच्या गावाला लागते आणि सगळे प्रवासी गावात उतरतात. जेवण गावात, झोप गावात, सकाळचा चहा गावात. पुढच्या दिवशी ऊ नदीच्या संगमावर पाक ऊच्या गुहा लागतात. भाविकांनी शेकडो वर्षांत आणून ठेवलेल्या हजारो बुद्धमूर्ती तिथे आहेत. मग येते लुआंग प्राबांग, १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीतले शहर. त्याच नावेत गावकरी आपल्या गोण्या घेऊन बसत आले आहेत. परदेशी पाहुणा आणि गावची बाई एका बाकड्यावर. पाकबेंगची कमाई त्या रात्रीच्या मुक्कामावर उभी आहे. सगळ्या सोयी जहाजातच असत्या, तर हे गाव प्रवाशांना काचेतून दिसले असते, एवढेच.

अशी नाव वैनगंगेला हवी. मुक्कामाची, उथळ तळाची, गावात थांबणारी.

आणि थांबायला गावे आहेत. आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम आहे, काठावर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. कवी मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ हा ग्रंथ इथेच रचला अशी इकडच्यांची श्रद्धा आहे, आंबेजोगाईकरांचाही तसाच दावा आहे. तिथल्या नव्या केबल पुलाच्या गॅलरीत आता सुट्टीला गर्दी होते. फुगवट्यातून खाली आले की गोसीचे धरण लागते. ते रस्त्याने ओलांडायचे आणि पवनीला पुन्हा नदीला भेटायचे. पवनीचे घाट पाहावेत, वैजेश्वराचे देऊळ पाहावे, आणि तसेच पुढे जगन्नाथ टेकडीवर चढावे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केले आणि सांचीपेक्षा मोठा स्तूप जमिनीतून वर आला. दोन हजार वर्षांपूर्वी पवनी हे बौद्धांचे मोठे नगर होते. नागपूरची दीक्षाभूमी आणि वर्ध्याचा विश्वशांती स्तूप पाहायला देशोदेशींचे बौद्ध येतात. त्यांतले किती जण पवनीला पोचतात? थायलंड-लाओसच्या नद्यांवर आपले लोक पॅगोडे बघायला जातात, तर तिकडच्या भाविकाला दाखवायला आपल्याकडे पवनी आहे. तिथे एक साधा मुक्काम, एक माहितगार वाटाड्या, स्वच्छ घाट एवढे झाले तरी पुष्कळ.

त्याच्या खाली वडसा, आरमोरी आणि मग चामोर्शी तालुक्यातले मार्कंडा. इथे नदी उत्तरेकडे वळते. काठावर सुमारे हजार वर्षांपूर्वीचा दगडी देवळांचा समूह उभा आहे. भिंतीवर बोटभर जागा कोरीव कामावाचून सुटलेली नाही. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी १९व्या शतकात या देवळांची नोंद केली. महाशिवरात्रीला इथे लाखांनी माणूस लोटतो. मुख्य देवळाच्या दुरुस्तीचे काम मात्र वर्षानुवर्षे रखडले. लाओसमधल्या चंपासकच्या डोंगरपायथ्याशी वाट फू हे शिवाचे प्राचीन देऊळ आहे, मेकाँगकाठचे. २००१ मध्ये ते जागतिक वारसा झाले आणि त्याच्या डागडुजीसाठी भारताच्या पुरातत्त्व खात्याने आपली माणसे पाठवली. ते काम अभिमानाचेच आहे. तीच तत्परता मार्कंड्याला मिळाली पाहिजे, आणि ही मागणी विदर्भाच्या आमदार-खासदारांनी दिल्लीत उभे राहून केली पाहिजे.

पाण्याचा प्रश्न टाळून यातले काहीच होणार नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आंभोऱ्याशी वैनगंगेला मिळते. जलपर्यटनाची बोट ज्या पाण्यावर चालणार, ते हे पाणी. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा प्रकल्प मंजूर आहे. तो पुरा होण्याआधी बोटीची फीत कापली, तर पहिला पर्यटक नाकाला रुमाल लावून उतरेल आणि दुसरा येणार नाही. धरणाखाली ठरावीक पाणी वर्षभर सोडणे हा दुसरा भाग. मेकाँगलाही हे चुकलेले नाही. २०१९ च्या जुलैत तिची पातळी विक्रमी खाली गेली, आणि त्याच वर्षी लाओसचे शायाबुरी धरण सुरू झाले. कंबोडियातल्या मोठ्या क्रूझना कोरड्या महिन्यांत तोनले सापच्या तळ्यात शिरता येत नाही, प्रवाशांना बसने पुढच्या बंदराला न्यावे लागते. आपल्याकडेही हंगाम ठरवावा. ऑक्टोबर ते जानेवारी नाव, बाकीचे महिने रस्ता. त्यात कमीपणा काही नाही.

पण या सगळ्याच्या आधी येते ती नावेतल्या माणसाची सुरक्षितता.

२३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि सहा महिला बुडाल्या. त्या पलीकडे मिरची तोडायला निघाल्या होत्या. दिवसाची मजुरी कमावण्यासाठी नदी ओलांडणे हा त्यांचा रोजचा प्रवास होता. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात झुंजच्या धबधब्याजवळ वर्धा नदीत नाव बुडाली आणि एकाच गोतावळ्यातली ११ माणसे गेली. पर्यटनाची बोटही यातून सुटत नाही. १५ सप्टेंबर २०१९ ला गोदावरीत पापीकोंडलूकडे निघालेली ‘रॉयल वशिष्ठ’ कच्चुलूरूजवळ पुरात उलटली, त्यात ५० च्या आसपास माणसे दगावली. पूर असताना ती निघालीच कशी, हा प्रश्न तेव्हा आंध्रात सगळ्यांनी विचारला.

म्हणून जलपर्यटनाच्या आराखड्यात पर्यटकांची बोट आणि मजुरांची नाव वेगळी धरू नये. एकच घाट, एकच नाव, एकच नियम. सकाळी मिरची तोडायला जाणाऱ्या बायका ज्या नावेने पलीकडे जातील, तीच दुपारी पाहुण्यांना मार्कंड्याला नेईल. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, नावेवर माणसांची मर्यादा रंगवलेली, पाण्याची पातळी ठरलेल्या खुणेवर गेली की नाव बंद. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा यंत्र नसलेल्या नावांचीही नोंद घ्यायला सांगतो. वैनगंगेच्या काठावर ही नोंदणी तातडीने सुरू व्हायला हवी, आणि जुनी नाव नोंदीबाहेर ठरली तर नावाड्याच्या पोटावर पाय न देता नवी घ्यायला त्याला मदत मिळायला हवी.

नाव चालवायची कुणी, याचे उत्तर काठावरच आहे. ढिवर आणि भोई समाजाच्या पिढ्या या पाण्यावर गेल्या. डोह कुठे, खडक कुठे, पुरानंतर रेती कुठे सरकते, हे त्यांना नकाशाशिवाय कळते. उन्हाळ्यात ते पात्रात टरबूज-खरबुजाच्या डांगरवाड्या लावतात, पावसात मासे धरतात. गोसीच्या पाण्याने कित्येक गावे उठवली, मासेमारीच्या जागा बदलल्या, डांगरवाड्या बुडाल्या. जलाशयावर आता पैसा येतो आहे, तर पहिला हक्क त्यांचा. बाहेरच्या ठेकेदाराकडे बोटी आणि स्थानिक पोरांकडे पार्किंगची शिटी, असे होता कामा नये. मासेमार सहकारी संस्थांना नावांचे परवाने द्यावेत, चालकांना प्रशिक्षण द्यावे, मुक्कामाची घरे बचत गटांकडे सोपवावीत. पाकबेंगमध्ये पैसा गावात उरतो, कारण प्रवासी गावात उतरतात. इथेही तेच करायचे आहे.

अल्लीपूरच्या यशोदेवर कधी क्रूझ येणार नाही, यावी असे कुणी म्हणतही नाही. पण इथून गाडीत बसून पवनी आणि मार्कंडा एका सुट्टीत करता येतात, आणि कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या माहेरी वर्धेच्या काठी उभे राहता येते. परदेशी नदीसाठी पैसे साठवणाऱ्या घरांनी आधी ही फेरी करावी, काठावरच्या नावाड्याशी बोलावे, त्याच्या नावेत जॅकेट आहे का ते बघावे, आणि नसेल तर तहसीलदाराला अर्ज द्यावा. गोसीच्या जलपर्यटनाची अंमलबजावणी करणाऱ्यांनी पहिली सुरक्षित नाव आणि पहिला पक्का घाट गणपूरला द्यावा. क्रूझची तिकीट खिडकी त्यानंतर उघडावी.