गोवराची बातमी शेजाऱ्यापासून लपवू नका

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने मुले दगावली. भिवंडी, मालेगावातही साथ पसरली. तेव्हा ‘मुसलमान लस घेत नाहीत’ असा एका वाक्यात निकाल लावला गेला. तो मला मान्य नाही. कोविडकाळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते; कोंदट खोल्या, कुपोषण, बुडणारी रोजंदारी हीही कारणे होती. पण लसीने वंध्यत्व येते, ही अफवा आपल्याही मोबाइलवरून फिरली, हे नाकारता येणार नाही.

आज मला बोलायचे आहे ते संपर्कानंतरच्या दिवसांबद्दल. गोवराचा विषाणू खोकल्यातून हवेत जातो आणि बंद खोलीत दोन तासांपर्यंत टिकतो. लस न घेतलेली दहा मुले संपर्कात आली, तर साधारण नऊ जणांना लागण होते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून आणि नंतर चार दिवस रोगी इतरांना रोग देतो.

म्हणून ‘थांबून बघू’ म्हणू नये. लस राहिली असेल, तर संपर्कानंतर ७२ तासांच्या आत ती घेतल्यास आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. तान्ही बाळे, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी लगेच डॉक्टरांना भेटावे. त्यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा उपाय असतो. लस न झालेल्या मुलाला २१ दिवस शाळा, मकतब, लग्नघर यांपासून दूर ठेवावे. ताप, खोकला, लाल डोळे दिसले, तर दवाखान्यात आधी कळवून जावे. गोवर झालाच, तर अ जीवनसत्त्वाचे दोन डोस डॉक्टरांकडून घ्यावेत. श्वास लागला, बाळ दूध पिईना, तर क्षणभरही थांबू नये.

पण शेजारणीला वेळेवर कळलेच नाही, तर हे ७२ तास तिच्या काय कामाचे? घरात गोवर आहे हे आपण लपवतो. लोक काय म्हणतील, पालिकेचे लोक येतील, ही भीती असते. त्या लपवण्याची किंमत दुसऱ्याचे मूल मोजते. शेजाऱ्याचा हक्क आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. तो अशा वेळी पाळायचा असतो.

‘अल्लाहची मर्जी’ म्हणणाऱ्यांना मी हजरत उमर यांची आठवण देईन. शामच्या वाटेवर साथीची खबर मिळताच ते सरग येथून माघारी फिरले. त्यांचा तकदीरवर विश्वास नव्हता, असे कोण म्हणेल?

मशिदीच्या भोंग्यावरून हरवलेल्या मुलाची खबर दिली जाते. तशीच ‘गल्लीत गोवर आहे, लस तपासा’ एवढी खबर, घराचे नाव न घेता, इमामसाहेबांनी द्यावी. पालिकेनेही कामावरून परतणाऱ्या आईबापांसाठी संध्याकाळी लसीकरण ठेवावे.

गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. साथीत कधी सहाव्या महिन्यापासून जादा डोस देतात, पण त्याहून लहान बाळाला तोही नाही. त्याचा जीव आपण वेळेवर तोंड उघडतो की नाही, यावर अवलंबून आहे.