मांजरीची नखं ‘काढतात’ म्हणजे नेमकं काय करतात? अमेरिकेतली राज्यं त्यावर बंदी का घालतायत?

मांजर सोफा ओरबाडते? अमेरिकेत यावर अनेक वर्षं एक झटपट उपाय होता. डॉक्टरकडे न्यायचं आणि तिच्या पुढच्या पायांची नखं कायमची काढून आणायची. याला तिथे ‘डीक्लॉइंग’ म्हणतात. २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्यावर बंदी घातली, तेव्हा असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. पुढे मेरीलँड आणि व्हर्जिनियाने बंदी आणली आणि जानेवारी २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सनेही तसा कायदा केला. गाठ किंवा संसर्गासारखं वैद्यकीय कारण असेल, तरच तिथे ही शस्त्रक्रिया करता येते.

नखंच तर काढतात, मग एवढा विरोध का?

कारण फक्त नख निघत नाही. मांजरीचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून वाढतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून ते हाडच कापावं लागतं. माणसाच्या हाताशी तुलना केली, तर प्रत्येक बोट शेवटच्या पेरापासून छाटण्यासारखं. पुढच्या दोन पायांची मिळून अशी १० बोटं. लेझरने केलं तर रक्त कमी जातं, पण हाड तेवढंच जातं.

शिवाय मांजर चालते ती बोटांवर. टोकच गेलं की पायावरचा भार बदलतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७४ मांजरी तपासल्या होत्या. त्यातल्या निम्म्या, म्हणजे १३७ मांजरींची नखं काढलेली होती. या मांजरींमध्ये पाठदुखी, ठरलेली जागा सोडून भलतीकडे लघवी करणं आणि चावणं, हे सगळं जास्त आढळलं. एक्स-रेमध्ये त्यांच्यापैकी ६३ टक्के मांजरींच्या पंजात हाडाचे तुकडे राहिलेले दिसले. म्हणजे सोफा वाचवायला जावं आणि गादी खराब व्हावी, असा हा सौदा.

न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने मात्र बंदीला विरोध केला होता. नखं काढता आली नाहीत, तर काही लोक मांजरच सोडून देतील आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ओरखडे धोक्याचे ठरू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. भीती अगदीच बिनबुडाची नाही. पण अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी अशा रुग्णांसाठीही नखं काढण्याचा सल्ला देत नाही. आणि नखं गेलेली मांजर दात वापरते, त्याचं काय?

भारतातल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात प्राण्याचं अंगविच्छेदन हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. न्यूयॉर्कमध्ये तो १,००० डॉलरपर्यंत आहे.

मग सोफ्याचं काय करायचं?

ओरबाडणं ही खोड नाही. नखांवरचं जुनं आवरण काढणं, अंग ताणणं आणि आपला वास सोडून ‘ही जागा माझी’ असं सांगणं, ही तिची गरज आहे. त्यामुळे ओरडून काही होत नाही, मांजर फक्त तुम्हाला घाबरायला लागते. तिला दुसरी जागा द्यावी लागते.

काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेला लाकडी खांब चालतो. तो साधारण तीन फूट उंच हवा, म्हणजे तिला पूर्ण ताणता येतं. आणि तो हलता कामा नये, एकदा डगमगला की ती परत सोफ्याकडेच जाते. काही मांजरींना उभं नाही, आडवं ओरबाडायला आवडतं. त्यांना काथ्याचं पायपुसणंही पुरतं. बहुतेक जण इथे एक चूक करतात, खांब अडगळीच्या कोपऱ्यात ठेवतात. तो ठेवायचा सोफ्याला लागून किंवा ती झोपून उठते तिथे. सोफ्याच्या कडेला काही दिवस दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, तर तिला तो स्पर्श आवडत नाही.

नखांची टोकं दर दोन-तीन आठवड्यांनी कापता येतात. पंजा हलका दाबला की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग सोडून फक्त पांढरं टोक कापायचं, कारण गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. एका बैठकीत दोनच नखं झाली तरी चालेल, बाकीची उद्या.