डोंगराची नाडी

आमच्या माळव्यातील काळी माती ही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाच्या खडकाची झीज आहे, असे आम्ही मागे लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनीने विचारले आहे, "ज्वालामुखी फुटण्यापूर्वी काही सूचना देतो काय?"

बहुधा देतो, ऐकणारा हवा. आपल्याकडील लाव्हा पातळ होता, भेगांतून निघून दूरवर पसरला. परंतु जेथे सागरतळाचे कवच भूखंडाखाली सरकते, तेथे त्याच्यासोबत गेलेल्या पाण्याने वरचा खडक वितळतो. हा शिलारस पुष्कळदा दाट असतो व त्यात वायू कोंडून राहतात. गोळीच्या सोड्याची गोळी आत दाबताच जे होते, तेच मग पर्वताएवढ्या प्रमाणावर घडते. पण वर येताना शिलारस खडक फोडीत येतो. लहान लहान भूकंप होतात, डोंगराची कूस फुगते, गंधकाचा धूर वाढतो. भूकंपमापकांनी, आणि आता उपग्रहांनीही, शास्त्रज्ञ ही नाडी पाहत असतात.

कोलंबियातील नेवादो देल रुईस हा हिमाच्छादित पर्वत १९८५ साली कित्येक महिने धुमसत होता. ऑक्टोबरात धोक्याचा नकाशा तयार झाला. त्यात आर्मेरो हे गाव चिखलाच्या वाटेवर दाखविलेले होते. १३ नोव्हेंबरला दुपारी राख पडू लागली, तरी लोकांस शांत राहण्यास सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास स्फोट झाला. तसा तो फार मोठा नव्हता. पण त्याने शिखरावरील बर्फ वितळविले आणि सुमारे सव्वादोन तासांनी चिखलाचा लोंढा आर्मेरोवर आला. सव्वादोन तास! जवळची टेकडी गाठण्यास एवढा वेळ पुरेसा होता. सुमारे २३ हजार माणसे गेली.

फिलिपाईन्समधील पिनातुबो सुमारे ५०० वर्षे निजलेला. एप्रिल १९९१ मध्ये तो वाफ सोडू लागला. मे महिन्याच्या दोन आठवड्यांत गंधकवायू दसपट झाला. तरी लोकांस पटेना, तेव्हा ज्वालामुखीचे धोके दाखविणारा एक माहितीपट शास्त्रज्ञांनी अधिकाऱ्यांस व ग्रामस्थांस दाखविला. हजारो कुटुंबे हलविली गेली. १५ जूनला पर्वत फुटला. त्याच दिवशी वादळही आले. पावसाने भिजलेल्या राखेच्या भाराने छपरे कोसळून शेकडो दगावले, पण हजारो वाचले.

तो माहितीपट फ्रान्सच्या मोरीस क्राफ्ट यांचा. ते व त्यांच्या पत्नी कातिया ३ जूनलाच जपानमधील उन्झेन पर्वताच्या तप्त राखेत सापडून मरण पावले होते.