शत्रूच्या चिलखतात

गेल्या जुम्म्याला नमाज आटोपून आपाच्या घरी जेवायला गेलो होतो. वणीत दुपारी बाहेर थांबायची सोय नाही. एकीकडे ऊन आणि दुसरीकडे खाणींकडून येणाऱ्या ट्रकांची काळी धूळ. दस्तरखान उचललं गेलं, मोठी माणसं आडवी झाली आणि माझा पंधरा वर्षांचा भाचा कूलरसमोर मोबाइल आडवा धरून बसला. मीही शेजारी टेकलो. स्क्रीनवर चौघांची टोळी होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव. भाच्याच्या डोक्यावर मात्र त्याचं नाव नव्हतं. इंग्रजी सिनेमातल्या व्हिलनला शोभेल असं काहीतरी लिहिलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी तिथे त्याचं स्वतःचं नाव होतं, आम्ही अकिक्याला ठेवलेलं.

मी सहज विचारलं, ‘नाव का बदललं रे?’

त्यानं मान वर न करता सांगितलं, ‘मामू, असली नाम रखा तो बोलते लोग. माइक पे.’

काय बोलतात ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारणार नाही, कारण तुम्हाला माहीत आहे. ‘पाकिस्तानात जा’पासून सुरुवात होते आणि शेवट घरातल्या बायकांपर्यंत जातो. कोणता गेम होता ते इथे लिहीत नाही. शिव्या गेम देत नाही, माणसं देतात. मला खटकली ती त्याची सहजता. पाऊस आला की छत्री उघडावी तसं त्यानं नाव बदललं होतं. राग नव्हता, तक्रारही नव्हती.

घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना. मग मला एक जुना गेम आठवला, आणि त्या गेममध्येही एक नाव बदललं गेलं होतं.

२००८ च्या आसपास मी नागपुरात शिकत होतो. रूममेटनं नवा कम्प्युटर घेतला आणि त्यावर ‘हॅलो २’ टाकला. नावातला हॅलो फोनवरचा नव्हे. संतांच्या डोक्यामागे जे तेजोवलय काढतात, ते. पहिला ‘हॅलो’ नोव्हेंबर २००१ मध्ये आला, न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यावर दोनच महिन्यांनी. दुसरा भाग मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर ९ नोव्हेंबर २००४ रोजी आला आणि पहिल्याच दिवशी अमेरिका व कॅनडात त्याची साडेबारा कोटी डॉलरची विक्री झाली. कम्प्युटरवर तो पोचायला २००७ साल उजाडलं. बंजी नावाच्या स्टुडिओनं तो बनवला होता. कथा सव्विसाव्या शतकातली. माणूस अवकाशात पसरला आहे आणि परग्रहावरच्या अनेक जमातींची एक युती त्याला संपवायला निघाली आहे. माणसांच्या बाजूनं लढणारा हिरव्या चिलखतातला सैनिक म्हणजे मास्टर चीफ.

दुसऱ्या भागात नवीन काय आलं, याची तेव्हा हॉस्टेलमध्ये रात्र रात्र चर्चा चाले. दोन्ही हातांत दोन बंदुका धरता येऊ लागल्या. शत्रूच्या चालत्या गाडीवर उडी मारून, त्याला खाली खेचून, गाडी ताब्यात घेता येऊ लागली. पहिल्या भागात शत्रूच्या हातात दिसणारी तेजाची तलवार आता खेळणाऱ्यालाही चालवता येऊ लागली. आणि इंटरनेटवरून अनोळखी माणसांशी सामना जुळवून देण्याची जी पद्धत आज प्रत्येक मोबाइल गेममध्ये आहे, ती घराघरांत रुळवणाऱ्या पहिल्या मोठ्या गेमांपैकी हा एक. म्हणजे माझ्या भाच्याला माइकवर शिवी देणारा अनोळखी पोरगा ज्या वाटेनं येतो, ती वाट रुंद करण्यात या गेमचाही हात आहे.

पण माझ्या मते सर्वात मोठी नवी गोष्ट बंदुकीची नव्हतीच. गेम सुरू होतो तेव्हा पडद्यावर दोन दृश्यं आलटून पालटून दिसतात. एकीकडे मास्टर चीफच्या सत्काराचा सोहळा चालू आहे. दुसरीकडे शत्रूच्या राजधानीत त्यांच्याच एका सेनापतीला भर दरबारात पाखंडी ठरवून त्याच्या छातीवर डाग दिला जातो आहे. त्याचा गुन्हा काय? मास्टर चीफला तो रोखू शकला नाही. म्हणजे पहिल्या भागात आपण जो पराक्रम केला, त्याची शिक्षा हा भोगतो आहे. आणि काही टप्पे खेळून झाले की गेम अचानक तुम्हाला याच सेनापतीच्या चिलखतात बसवतो. आतापर्यंत ज्याच्यावर गोळ्या झाडल्या, आता तेच तुम्ही. त्याचे सोबती, त्याची भाषा, त्याची अब्रू, त्याची श्रद्धा, सगळं आतून दिसू लागतं.

या पात्राचं नाव ‘आर्बिटर’, म्हणजे पंच, निवाडा करणारा. पण बनवणाऱ्यांनी आधी ठरवलेलं नाव वेगळंच होतं. ते होतं ‘दरवेश’.

आपल्याकडे दरवेशी म्हटलं की अस्वल घेऊन गावोगाव फिरणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मूळ फारसीत दरवेश म्हणजे फकीर, दुनियेची हाव सोडलेला. इंग्रजांच्या इतिहासात मात्र त्या शब्दाला दारूगोळ्याचा वास आहे. सुदानात महदीच्या झेंड्याखाली लढणाऱ्यांना ते सरसकट ‘दर्विश’ म्हणत. २ सप्टेंबर १८९८ रोजी ओमदुरमानला त्या लोकांवर मॅक्सिम बंदुका चालल्या आणि एका सकाळीत हजारो माणसं मेली. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा अशा राजकीय आणि सांस्कृतिक बाबी तपासणारी माणसं होती. इराकचं युद्ध चालू आहे, अमेरिकी दिसणारा नायक धर्मवेड्या शत्रूशी लढतो आहे, आणि त्यात पात्राचं नाव दरवेश. याचा अर्थ अमेरिका विरुद्ध इस्लाम असाच लागेल, असं त्यांनी सांगितलं. गेम बाजारात यायच्या थोडं आधी नाव बदललं गेलं.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. नंतर विचार करत गेलो तसं ते बरं वाटणं कमी झालं. नाव बदललं, पण गोष्ट तीच राहिली. शत्रूच्या युतीला एकत्र ठेवणारा धागा धर्मच राहिला. त्यांच्या पुढाऱ्यांची पदवी ‘प्रॉफेट’ होती, ती तशीच राहिली. आपल्यासाठी हा शब्द किती वजनाचा आहे ते मी सांगायला नको. नाव बदलून बोच झाकता येते, काढता येत नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीतही हेच झालं आहे. त्यानं नाव बदललं, शिव्या थांबल्या. शिवी देणाऱ्याच्या मनातलं मात्र जिथे होतं तिथेच आहे.

तरीही हा गेम मी मोडीत काढत नाही, त्याला कारण आहे. तो सेनापती पुढे शोध घेतो आणि त्याला कळतं की ज्याला आपण मुक्तीचा मार्ग समजत होतो, ते सगळ्या जिवांना मारणारं यंत्र आहे आणि पुढाऱ्यांनी आपल्याला फसवलं. तो माणसांच्या बाजूला येतो, पण स्वतःच्या जमातीचा सन्मान सोडत नाही. श्रद्धावान म्हणजे बिनडोक, असं गेम म्हणत नाही. श्रद्धेचा वापर करणारा आणि श्रद्धा बाळगणारा यांच्यात तो फरक करतो. आपल्या मोहल्ल्यांतही हा फरक करता येणारी माणसं हवी आहेत, आणि मोहल्ल्याबाहेर तर त्याहून जास्त.

गंमत अशी की तेव्हा अनेक खेळणाऱ्यांना हेच आवडलं नाही. आम्हाला मास्टर चीफ हवा होता, हा शत्रू कशाला, अशी ओरड झाली. शत्रूला मारायला कोणाची ना नसते. त्याच्या जागी बसायला सांगितलं की माणूस चिडतो.

विज्ञानकथेतल्या शूटर गेमबद्दल मला आपुलकी का, तेही सांगतो. खऱ्या युद्धांवरचे गेम खेळताना आमच्या पिढीतल्या मुसलमान पोरांची एक अडचण होती. पडद्यावर जी गल्ली उडवायची, तिथे मिनार दिसायचा. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं आपण मदरशात शिकलेली असायची. ‘मॉडर्न वॉरफेअर २’च्या एका नकाशात न्हाणीघरातल्या तसबिरीवर अल्लाहचं नाव असलेला मजकूर निघाला, २०१२ मध्ये तक्रारी झाल्यावर कंपनीनं तो नकाशा काढून दुरुस्त केला. २०२१ मध्ये ‘व्हॅनगार्ड’मध्ये कुरआनची पानं जमिनीवर पडलेली दिसली, तेव्हा कंपनीनं माफी मागितली. इराकमधल्या फल्लुजाच्या लढाईवरचा गेम २००९ मध्ये जाहीर झाला, टीका झाल्यावर प्रकाशकानं हात काढून घेतला, आणि २०२३ मध्ये तो आलाच. अशा ठिकाणी खेळणाऱ्याला मनात कुठेतरी ठरवावं लागतं की या दारामागे जो लपला आहे तो माझा कोणी नाही. परग्रहावरच्या प्राण्यावर गोळी झाडताना ते ठरवावं लागत नाही. तिथे आम्ही फक्त खेळत होतो. फक्त खेळता येणं ही चैन सगळ्यांना मिळत नाही, हे ज्यांना ती कायम मिळाली त्यांच्या लक्षात येत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. पुण्यातल्या सुपरगेमिंग या कंपनीनं ‘मास्कगन’ हा शूटर गेम केला आणि त्यानंतर ‘इंडस’ हा विज्ञानकथेतला शूटर १६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारतात आणला. सिंधू संस्कृती लोप न पावता तारामंडळात पोचली असती तर, अशी त्यामागची कल्पना. नकाशाचं नाव विरलोक, आणि तिथे कॉस्मियम नावाच्या दुर्मीळ द्रव्यासाठी झुंज. सगळ्यांना न मारता, शेवटी ते कॉस्मियम ताब्यात घेऊनही जिंकता येतं. एका पात्राचं नाव सर-ताज आहे. सरताज हा शब्द फारसी, आणि तो सिंधूच्या काठच्या भविष्यात सहज बसतो, हे मला मनापासून आवडलं. कारण भविष्याचं चित्र काढताना आपण कोणाला त्यात घेतो, त्यावरून आज आपल्या मनात कोणाला जागा आहे ते कळतं.

त्याच गेममध्ये एक नवी सोयही आहे. ज्यानं आपल्याला मारलं त्याच्यावर खुन्नस धरायची आणि पुढे त्याला गाठून बक्षीस मिळवायचं. खेळ म्हणून यात वाईट काही नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्येही आपण हेच करतो. पण मी दोन्ही सोयी शेजारी ठेवून पाहतो. एक खुन्नस धरायला देते, दुसरी शत्रूच्या चिलखतात बसवते. आज मोबाइलवर पहिलीची भरभराट आहे. दुसरी बनवायला वेळ लागतो, लेखक लागतो आणि धाडसही लागतं. पुण्यात हुन्नर आहे, हे सिद्ध झालं आहे. आता या मातीतली अशी गोष्टही कोणीतरी रचावी, अशी माझी अपेक्षा आहे.

आपल्या लोकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. मोबाइलचा गेम दिसला की आपल्या घरांत दोनच प्रतिक्रिया असतात. एक, हे सगळं हराम आहे, फेकून दे. दुसरी, पोरगं गप्प बसलं आहे ना, बसू दे. दोन्हीत पोराशी बोलणं नाही. व्यसनाची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं आहे, आणि नमाज, झोप, अभ्यास यांवर त्याचा घाला पडतो हे आपण पाहतोच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यानं बंदी घातली, तेही योग्यच झालं. पण मला भाच्याची अडचण कळली ती त्याच्या शेजारी दहा मिनिटं बसल्यामुळे. आपाला ती माहीत नव्हती. तिनं मोबाइल हिसकावला असता तर तिला कधीच कळली नसती.

आणि जे वाचक आमच्यातले नाहीत, त्यांना विनंती आहे. तुमच्याही घरात पंधरा वर्षांचा पोरगा कानाला हेडफोन लावून खेळत असेल. एकदा त्याच्या शेजारी बसा. टोळीत एखादं अहमद किंवा आयेशा आलं की तो काय बोलतो, किंवा दुसरा बोलला की हा हसतो का, एवढंच ऐका.

परवा भाच्याला बोलावून मी लॅपटॉपवर ‘हॅलो २’ची सुरुवात दाखवली. सत्कार आणि डाग, दोन्ही. त्यानं सगळं नीट पाहिलं. मग म्हणाला, ‘मामू, इसमें हिरो कौन?’

मी म्हणालो, ‘दोन्ही खेळ, मग तू सांग.’

गेममधलं त्याचं नाव अजून तेच खोटं आहे. परत बदल असं मी त्याला सांगितलेलं नाही. शिव्या त्याला ऐकायच्या आहेत, मला नाही. पण हे गेम बनवतात कसे, कुठे शिकवतात, असं त्यानं विचारलं आहे. बारावीनंतर पुण्याला जायचं म्हणतो. गेला आणि काही बनवलं, तर शेवटी बनवणाऱ्यांची यादी सरकत जाते ना, तिथे त्यानं अकिक्याला ठेवलेलं नाव लिहावं, एवढं मात्र मी त्याच्याकडून आत्ताच कबूल करून घेतलं आहे.