दशावतार आणि दहावीचा धडा



‘दशावतार हाच खरा उत्क्रांतिवाद, विज्ञानाच्या तासाला तोच शिकवा’ असं सुचवणारं पत्र वाचलं. मी माहूरचा. रेणुकामातेचा तांबूल तोंडात ठेवून विज्ञान शिकवत आलोय, म्हणून गप्प राहवेना.

मागणी जुनीच आहे. जानेवारी २०१८मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह आपल्या औरंगाबादेतच म्हणाले होते, की डार्विन चूक; माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कुठं पाहिलं? देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी त्याला जाहीर विरोध केला. मुळात आजच्या माकडाचा माणूस झाला असं उत्क्रांती म्हणतच नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढंच.

मासा, कासव, वराह हा क्रम गोड आहे, मान्य. पण तो चूक ठरवायला कोणता पुरावा चालेल, ते पत्रलेखकांनी सांगावं. आमच्या माहूरगडाचा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड घ्या. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. त्याचं वय मोजता येतं, चुकलं तर सुधारता येतं. एका पोरानं विचारलं, “सर, गड देवीनं केला का लाव्ह्यानं?” म्हटलं, “पेपरात लाव्हा लिही, अन् संध्याकाळी आरतीला ये.” दोन्ही केलं त्यानं.

एनसीईआरटीनं २०२२-२३पासून दहावीतून उत्क्रांती गाळली, तीही ‘भार कमी’ म्हणून. माझ्याजवळच्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, भाग दोनमध्ये, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. तो तसाच राहू द्या.

– एक निवृत्त शिक्षक, माहूर