सायकलही बोटीसारखीच बांधा

बांधवांनो, पहाटे बोट सुटायच्या घाईत खलाशी सायकल जेटीवर टेकवतो, मागच्या चाकाचं कुलूप लावतो आणि निघतो. पण त्या कुलपाने फक्त चाक फिरायचं थांबतं. उचलून टेम्पोत टाकली की सायकल गेली! बारीक वायरचं कुलूपही कामाचं नाही, साधा कटर ते क्षणात तोडतो.

आम्ही म्हणतो, बोट बांधतो तशी सायकल बांधा. जाड साखळी नाहीतर यू-कुलूप घ्या; फ्रेम आणि चाक दोन्ही धरून पक्क्या खांबाला लावा. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका, हातोड्याने फुटतं. खाऱ्या हवेत गंज चढतो, म्हणून आठवड्याला तेलाचे दोन थेंब सोडा. फ्रेमवरचा नंबर आणि बिल यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, तक्रारीला उपयोगी पडतात.

बोटमालकांनो, सगळा भार खलाशावर नको. सायकल गेली तर तो पहाटे वेळेवर येणार कसा? बोट खोळंबली तर नुकसान आपलंच. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या दिवसांत वर्गणी काढून जेटीवर, उजेडाच्या जागी, सिमेंटमध्ये लोखंडी दांडा बसवूया. येत्या बैठकीत विषय घेतोय. या आणि बोला.