टीआरपीचा हिशेब आणि तिकीटबारीचा हिशेब

दिग्दर्शक केदार शिंदे यांचा ‘झापुक झुपूक’ हा चित्रपट २५ एप्रिल २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. मराठीत दर आठवड्याला एखादा चित्रपट येतो आणि जातो, त्यामुळे यात बातमी ती कोणती, असे कोणी म्हणेल. पण याच दिग्दर्शकाच्या ‘बाईपण भारी देवा’ने ३० जून २०२३ नंतरच्या काही आठवड्यांत तिकीटबारीवर ७५ कोटींहून अधिक गल्ला जमवला होता आणि ‘सैराट’नंतरचा सर्वाधिक कमाईचा मराठी चित्रपट असे स्थान मिळवले होते. दोहोंमध्ये अंतर जेमतेम बावीस महिन्यांचे. दिग्दर्शक तोच, निर्मितीसंस्थाही तीच, आणि दुसऱ्या वेळी तर एका वाहिनीवरील तुफान लोकप्रियता दिमतीला. तरीही प्रेक्षक आला नाही. याला एका चित्रपटाचे दुर्दैव म्हणून बाजूला सारता येणार नाही. दूरचित्रवाणीकडून चित्रपटाकडे जाणारी जी वाट मराठी दिग्दर्शकांनी पंचवीस वर्षे वापरली, त्या वाटेचे आता काय झाले आहे, हा यातला खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न गोरेगावच्या चित्रनगरीत बसून विचारण्यापेक्षा वसईतील सांडोरसारख्या गावातून विचारणे अधिक सोयीचे. वसई रोडच्या अलीकडचे स्थानक नायगाव. तेथे, पूर्वेच्या बाजूला, गेली अनेक वर्षे मालिकांचे सेट उभे राहतात आणि मोडले जातात. तालुक्यातील कित्येक तरुणांना त्या सेटवर प्रकाशयोजना, रंगभूषा, वाहतूक, साहाय्यक दिग्दर्शन अशी कामे मिळतात. दुसरीकडे, याच तालुक्यातील घराघरांत संध्याकाळी सातपासून दहापर्यंत मालिकांचे राज्य असते. मालिका जेथे तयार होते आणि जेथे पाहिली जाते, ती दोन्ही टोके येथून एका नजरेत दिसतात.

शिंदे यांच्या कारकिर्दीचा आरंभ मात्र कॅमेऱ्यापासून झाला नाही. शाहीर साबळे यांचे ते नातू. ‘महाराष्ट्राची लोकधारा’च्या ताफ्यात भरत जाधव, अंकुश चौधरी यांच्याबरोबर ते वाढले. समोर बसलेला प्रेक्षक कोठे हसतो, कोठे चुळबुळ करतो आणि कोणत्या क्षणी तो हातातून निसटतो, याचे शिक्षण तेथे मिळते. हे शिक्षण पुढे कामी आले. २००२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘सही रे सही’ने भरत जाधव यांना तारा केले. त्या नाटकाचे लेखन आणि दिग्दर्शन शिंदे यांचे.

त्याच सुमारास, २००१ पासून, तत्कालीन अल्फा मराठी वाहिनीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेल्या या मालिकेत कट नव्हते, कारस्थाने नव्हती, कोणी स्मृती हरवून बसत नव्हते. एक आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. त्यांच्या घरात आठवडाभरात जे घडेल ते. मालिका साप्ताहिक होती, ही बाब येथे अधोरेखित केली पाहिजे. आठवड्याला एक भाग म्हणजे लेखकाला विचार करायला वेळ, नटांना तालीम करायला वेळ आणि दिग्दर्शकाला प्रत्येक भाग स्वतंत्र एकांकिकेसारखा बांधण्याची मुभा. ‘टिपरे’ २००४ पर्यंत चालली. त्याच वर्षी ‘अगं बाई अरेच्चा’ हा शिंदे यांचा चित्रपट आला. हा योगायोग म्हणता येईल. पण दूरचित्रवाणीवर कमावलेला हात चित्रपटात तसाच्या तसा दिसत होता. मध्यमवर्गीय घर, तेथील बायकांची कुजबुज आणि ती एका पुरुषाला अचानक ऐकू येऊ लागणे, ही कल्पना हॉलिवूडच्या एका चित्रपटाशी मिळतीजुळती असली, तरी तिचा संसार शंभर टक्के मराठी होता.

त्यानंतरचा काळ चढउतारांचा. ‘जत्रा’, ‘यंदा कर्तव्य आहे’, ‘बकुळा नामदेव घोटाळे’, ‘गलगले निघाले’ असे चित्रपट एकामागून एक आले. यांतील शेवटचा तर ‘सही रे सही’तील पात्रालाच पडद्यावर घेऊन आला. २०१० मध्ये तब्बूला घेऊन ‘तो बात पक्की’ हा हिंदी प्रयत्नही झाला. तो फारसा चालला नाही. या कालखंडाबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. एक सवय झालेला विनोद पुन:पुन्हा वापरला गेला आणि तो हळूहळू झिजला, एवढेच.

दरम्यान, ज्या दूरचित्रवाणीने हा दिग्दर्शक घडवला ती बदलत होती. मराठीत दैनंदिन मालिकेची सुरुवात दूरदर्शनवरील ‘दामिनी’ने नव्वदच्या दशकातच करून दिली होती. खासगी वाहिन्यांनी पुढे तोच साचा संध्याकाळच्या प्रत्येक अर्ध्या तासाला बसवला. दैनंदिन मालिकेचे गणित निर्दय असते. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भागात जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा मजकूर. म्हणजे जेवढे चित्रीकरण चित्रपटाला दोन-तीन आठवडे पुरते, तेवढे येथे दोन-तीन दिवसांत उरकावे लागते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. त्या सर्वांवर वाहिनीच्या ‘क्रिएटिव्ह’ मंडळींची नजर. दर गुरुवारी मागील आठवड्याचे टीआरपीचे आकडे येतात आणि त्या आकड्यांवर कथेचे पुढचे वळण ठरते. एखादे पात्र मरायचे की परतायचे, हे गुरुवारी दुपारी निश्चित होते आणि सेटवरच्या दिग्दर्शकाला ते शुक्रवारी सकाळी कळते.

या व्यवस्थेत दिग्दर्शकाला काही काम उरत नाही असे नाही. उलट काम अफाट असते. उरत नाही तो निर्णय. कोणती गोष्ट सांगायची, ती कोठे थांबवायची आणि कोणाच्या नजरेतून पाहायची, हे तीन निर्णय दिग्दर्शकाच्या हातून गेले की तो उत्तम कारागीर राहू शकतो, पण त्याची म्हणून काही ओळख तयार होत नाही. नायगावच्या सेटवर आज एका मालिकेचे आणि उद्या दुसऱ्या मालिकेचे भाग चित्रित करणारे दिग्दर्शक पाहिले की हे ध्यानात येते. त्यांची नावे श्रेयनामावलीतून भरकन निघून जातात. सांडोरमधील एखाद्या गृहिणीला मालिकेच्या नायिकेच्या सासूचे पात्र साकारणाऱ्या अभिनेत्रीची सगळी माहिती असते. दिग्दर्शक कोण, हे तिला ठाऊक असण्याचे कारणच नसते.

येथे सई परांजपे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांचीही जडणघडण दूरचित्रवाणीतच झाली, पण ती दूरदर्शनच्या काळातली. दिल्ली केंद्रात त्यांनी केलेल्या ‘धुआँ धुआँ’ या टेलिफिल्ममधून पुढे १९८१ चा ‘चष्मेबद्दूर’ उभा राहिला. चित्रपटांत नाव मिळाल्यावरही ‘अडोस पडोस’, ‘छोटे बडे’ या मालिकांसाठी त्या छोट्या पडद्याकडे परतल्या. त्यांच्यासाठी दूरचित्रवाणी ही कच्च्या आराखड्याची जागा होती, जेथे चूक परवडत होती. सरकारी माध्यमाच्या दोषांची यादी मोठी आहे. लाल फीत होती, साधने तुटपुंजी होती. पण दर गुरुवारचा आकडा नव्हता, हेही तितकेच खरे.

निर्णय सेटवरून वाहिनीच्या कार्यालयात गेले, तेव्हा महत्त्वाकांक्षी दिग्दर्शकांनी काय करावे? मराठीत याचे एक उत्तर मिळाले. ते स्वत:च कार्यालयात जाऊन बसले. ‘असंभव’, ‘अग्निहोत्र’ या मालिका आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई’सारखा चित्रपट देणारे सतीश राजवाडे यांनी स्टार प्रवाहच्या कार्यक्रमांची सूत्रे हाती घेतली आणि ती वाहिनी टीआरपीच्या शर्यतीत पहिल्या क्रमांकावर गेली. २०२४ मध्ये केदार शिंदे कलर्स मराठीवर त्याच स्वरूपाच्या जबाबदारीवर आले. दिग्दर्शकाची बढती आता वाहिनीप्रमुखाच्या पदावर होते, ही गोष्ट मराठी मनोरंजन व्यवसायाबद्दल बरेच काही सांगून जाते.

शिंदे यांनी तेथे काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कीर्तनाची परंपरा जपणाऱ्या लहान मुलीची ‘इंद्रायणी’ ही मालिका त्याच वर्षी सुरू झाली. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात महेश मांजरेकर यांच्या जागी रितेश देशमुख आले आणि ते पर्व गाजले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण विजेता ठरला. मोबाइलवरील छोट्या चित्रफितींतून वर आलेल्या या गरीब घरच्या मुलाला राज्यभरातून मते मिळाली. अंतिम सोहळ्यातच त्याला नायक करून चित्रपट काढण्याची घोषणा शिंदे यांनी केली. त्या घोषणेमागचे गृहीतक उघड होते: ज्याला लाखो लोकांनी मत दिले, त्याच्यासाठी त्यातले काही लाख तिकीट काढतीलच.

हे गृहीतक चुकले आणि ते का चुकले हे सांडोरहून स्पष्ट दिसते. मत देण्यासाठी मोबाइलवर बोट फिरवावे लागते. तिकीट काढण्यासाठी मात्र घरातून बाहेर पडून, रिक्षा करून, माणशी दीडशे-दोनशे रुपये मोजून चित्रपटगृहात जावे लागते. चौघांचे कुटुंब असेल तर खाण्यापिण्यासह हजार रुपये सहज जातात. जो चेहरा सत्तर दिवस रोज रात्री घरात फुकट पाहिला, त्याच्यासाठी हजार रुपये का मोजावेत, हा प्रश्न कोणीही विचारील. सूरजबद्दलची आपुलकी खोटी नव्हती, परंतु आपुलकी म्हणजे कुतूहल नव्हे, आणि तिकीट विकले जाते ते कुतूहलावर.

‘बाईपण भारी देवा’चे यश नेमके याच्या उलट होते. त्यात कोणी तरुण नायक नव्हता. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब या सहा जणींच्या सहा बहिणी. त्यांचे जुने रुसवे. आणि मंगळागौरीच्या स्पर्धेचे निमित्त. वैशाली नाईक यांच्या लेखणीने या बायकांना मालिकेतील सासू-सुनांच्या चौकटीबाहेर काढले. रजोनिवृत्ती, नवऱ्याचा कोरडेपणा, राहून गेलेले गाणे असे विषय रात्री आठच्या मालिकेत येत नाहीत. म्हणूनच बायका गटागटाने, नऊवारी नेसून चित्रपटगृहांत गेल्या आणि पडद्यासमोर फुगड्या घालू लागल्या. पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्याची कमाई अधिक झाली. जाहिरातीपेक्षा तोंडी शिफारस प्रभावी ठरल्याचा याहून स्वच्छ पुरावा नाही. दोनच महिने आधी, एप्रिल २०२३ मध्ये, आजोबांच्या जीवनावरचा ‘महाराष्ट्र शाहीर’ त्यांनी मोठ्या निष्ठेने सादर केला होता. त्याला अपेक्षेएवढा प्रतिसाद मिळाला नव्हता, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे.

सांडोर हे ख्रिस्ती वस्तीचे गाव. येथील ख्रिस्ती घरांत मंगळागौर होत नाही. आणि दूरचित्रवाणीवरील मराठी घरात सांडोरचे घर कधी दिसत नाही. तेथील वाडा, देवघर, हळदीकुंकू यांचाच पसारा असतो. तरीही सहा बहिणींच्या रुसव्याची गोष्ट कोणत्याही धर्माच्या बाईला परकी वाटत नाही, कारण माहेर सर्वांनाच असते. याउलट कोणत्या गावच्या किती लोकांनी मत दिले, या हिशेबावर बेतलेली गोष्ट त्या गावाच्या वेशीपाशी अडखळते. टीआरपीच्या आकड्याला एवढेच कळते की दूरचित्रवाणी संच कोणत्या वाहिनीवर चालू होता. समोर बसलेले माणूस त्या वेळी काय करत होते, पाहत होते की भाजी निवडत होते, हे त्याला कळत नाही. लोकधारेच्या मंचावर उभे राहिलेल्या दिग्दर्शकाला ते कळत असे.

पुढच्या पिढीचे काय, ही चिंता अधिक गंभीर आहे. नायगावच्या सेटवर पहाटेची लोकल पकडून जाणाऱ्या साहाय्यक दिग्दर्शकाला वेग शिकायला मिळतो, शिस्त शिकायला मिळते. चुकण्याची जागा मात्र मिळत नाही. ओटीटीच्या व्यासपीठांवर ती मिळेल असे म्हटले जाते. हिंदीत काही प्रमाणात मिळालीही. मराठीत त्यासाठीची गुंतवणूक फार तोकडी राहिली. आठवड्यातून एकदा येणारी, शांतपणे लिहिलेली, एका घराची मालिका हीच दिग्दर्शक घडवण्याची मराठीतील सर्वांत स्वस्त शाळा होती. ती पुन्हा सुरू करण्याचा अधिकार सेटवरच्या कोणाकडेही नाही, तो वाहिनीप्रमुखाच्या खुर्चीकडे आहे. आणि २०२४ मध्ये त्यांतील एका खुर्चीवर ‘टिपरे’चे दिग्दर्शकच बसले होते.